दाणा घरात आला, वैरणीचे काय?

जयपूरहून टोंककडे जाणाऱ्या रस्त्यावर दुर्गापुरा लागते. एके काळी शहराबाहेर असलेली ही वस्ती आता शहरातच मिसळून गेली आहे. तरीही राजस्थान कृषी संशोधन संस्थेमुळे शेतकऱ्यांना दुर्गापुऱ्याचे नाव परिचित आहे. गव्हाच्या 'राज' आणि जवाच्या, म्हणजेच सातूच्या, 'आरडी' मालिकेतील अनेक जाती येथेच तयार झाल्या.

यांपैकी आरडी २०३५ आणि आरडी २७१५ या जवाच्या जाती दुहेरी उपयोगाच्या आहेत. पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी पीक हिरव्या चाऱ्यासाठी एकदा कापायचे, मग पाणी आणि नत्र द्यायचे. पीक पुन्हा फुटते आणि त्याच शेतातून दाणाही मिळतो. कोरड्या मुलखातील शेतकऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. दुष्काळात दाणा रेशनवर मिळतो, वैरण मिळत नाही. गोठ्यातील गाय उपाशी राहिली की घरातले दूध आटते आणि शेवटी गायच बाजारात न्यावी लागते. आपल्याकडे सोलापूर भागातही मालदांडी ज्वारी पेरताना दाण्याइतकाच कडब्याचा विचार होतो, तो याचसाठी.

मात्र वैरण किती पिकली यापेक्षा किती घरी आली, हे महत्त्वाचे. ते अवलंबून असते कापणीवर.

विळा आणि कंबाइन

विळ्याने कापले तर काडी अखंड मिळते, पण दिवसचे दिवस वाकून काम करावे लागते. हे काम बहुतेक बायकांच्याच वाट्याला येते. उलट कंबाइन हार्वेस्टर काही तासांत शेत मोकळे करतो, पण बुडखे उंच ठेवतो आणि उरलेली काडी शेतभर विखुरतो. ती गोळा करायला दुसरे यंत्र आणावे लागते. तेवढा खर्च नको म्हणून अनेक ठिकाणी शेत पेटवले जाते आणि जनावराचे वर्षाचे खाणे धुरात जाते.

या दोहोंमधला मार्ग जुनाच आहे. ट्रॅक्टरला जोडायचे, विळ्याच्या पात्यांचे कापणी यंत्र. लांब पोलादी पट्टीवर त्रिकोणी पाती रिव्हेटने बसवलेली असतात. ही पट्टी बोटांसारख्या टोकदार रक्षकांमधून भराभर डावी-उजवीकडे सरकते आणि कात्रीसारखे काम करते. तिला शक्ती मिळते ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावरून, म्हणजे पीटीओवरून. तो सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घेतो.

ही कल्पना घोड्यांच्या काळातली. अमेरिकेत ओबेड हसी यांनी १८३३ मध्ये आणि सायरस मॅकॉर्मिक यांनी १८३४ मध्ये अशा यंत्रांचे पेटंट घेतले. मॅकॉर्मिक यांची कंपनी १९०२ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या मोठ्या उद्योगात सामील झाली. याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी महिंद्राने १९६३ मध्ये भागीदारी केली आणि मुंबईच्या कांदिवलीत बी-२७५ ट्रॅक्टर तयार होऊ लागले.

ओळीत पडलेले गवत

नुसत्या कापणी यंत्राने गवत जागच्या जागी पसरून पडते. पट्टीच्या मागे वाकड्या पोलादी सळयांचा जोड लावला की तेच गवत गुंडाळत एका बाजूला सरकते आणि त्याची सलग ओळ तयार होते. आज गव्हासाठी वापरला जाणारा ट्रॅक्टरपुढचा रीपर हा याच जातीचा. तो कापलेले पीक उभेच बाजूला नेतो आणि ओळीत आडवे टाकतो. पेंढ्या बांधणे सोपे जाते, काडी तुडवली जात नाही.

ओळीचा आणखी एक फायदा वाळवताना होतो. लसूणघासाचे खरे सत्त्व पानात असते. भर उन्हात पसरून ठेवले तर पाने कडक होऊन झडतात आणि हाती नुसत्या काड्या राहतात. ओळीत आतली पाने सावलीत वाळतात व रंग हिरवा राहतो. दमट हवेत मात्र ओळ आतून ओली राहते. ती सकाळी दव असतानाच उलटावी, म्हणजे पाने गळत नाहीत. ओलसर गवताची गंज कधीही रचू नये. आत बुरशी धरते, उष्णता वाढते आणि गंज आपोआप पेटूही शकते.

जुने यंत्र घेताना

असे जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर आधी पाती पाहावीत. बोथट पात्याने खोड कापले जात नाही, ओरबाडले जाते. जवासारखे पुन्हा फुटणारे पीक मग नीट फुटत नाही. तुटलेले पाते एकेक बदलता येते, त्यासाठी सगळी पट्टी टाकावी लागत नाही. रक्षक वाकलेले असतील तर सरळ करून घ्यावेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुरक्षितता. पात्यांत गवत अडकले तर इंजिन बंद करून, किल्ली काढूनच खाली उतरावे. यंत्र चालू असताना मुलांना शेतात येऊ देऊ नये. उंच पिकात बसलेले मूल चालकाला दिसत नाही.

कापणीचे भाडे ठरवताना दर एकरी किती, एवढेच बहुतेक जण विचारतात. ज्यांच्या दारी जनावर आहे त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: कापल्यावर काडी किती हाती लागेल? कमी लागणार असेल, तर वैरण विकत घेण्याचा खर्चही त्या भाड्यात धरावा आणि मगच यंत्र निवडावे.