विश्लेषण : दुभाजकावरची हिरवळ कुणाच्या कामाची?

लालबाग, परळ, दादरला जोडणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गासारख्या रस्त्यावर दुभाजक हिरवा करणे सर्वांनाच आवडते. पण केईएम, टाटा, वाडिया या रुग्णालयांच्या परिसरात रुग्णाला घेऊन रस्ता ओलांडणाऱ्यांना झुडपांपेक्षा मधे उभे राहायला सुरक्षित जागा हवी असते. दोन्ही साधता येईल का?

पर्याय कोणते?

तीन आहेत. रुंद दुभाजकात थेट जमिनीत मोठी झाडे, अरुंद दुभाजकात कठडा बांधून झुडपे, किंवा मधे साधा दुभाजक आणि झाडे पदपथाच्या कडेला.

रुंदीचे गणित काय?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार शहरी रस्त्यावर दुभाजक किमान १.२ मीटर, शक्यतो ५ मीटर रुंद असावा. १.२ मीटरमधून दोन्ही बाजूंचे १५-१५ सेंटीमीटरचे कठडे वजा केले, तर मातीला उरतात ९० सेंटीमीटर. त्यात बोगनवेल तगते, सावली देणारे झाड नीट वाढत नाही. २०११ मध्ये खुल्या झालेल्या लालबाग उड्डाणपुलाखाली तर ऊन-पाऊसही पुरेसा पोहोचत नाही. तिथली हिरवळ टँकरच्याच भरवशावर जगणार.

पाणी मुरेल का?

हिंदमाता परिसर पावसात तुंबतो, म्हणून हा मुद्दा पुढे येतो. मात्र उंच कठड्यातली माती रस्त्यावरचे पाणी शोषूच शकत नाही. त्यासाठी मातीची पातळी रस्त्याच्या खाली हवी. तरीही मुसळधार पावसात तिचा हातभार थोडाच. तिथे भूमिगत टाक्यांना आणि पंपांना पर्याय नाही.

विसर्जनाच्या दिवशी?

अनंत चतुर्दशीला लालबागमधून गिरगाव चौपाटीकडे मिरवणुका निघतात. तेव्हा सलग रेलिंग आणि कुंड्या हा गर्दीच्या वाटेतला अडथळा ठरतो. दुभाजकात ठरावीक अंतरावर मोकळ्या जागा ठेवल्या, तर त्या एरवी पादचाऱ्यांना आणि त्या दिवशी गर्दीला उपयोगी पडतील.

मग योग्य काय?

पाच मीटर जागा असेल तिथे झाडे जरूर लावावीत. जागा कमी असेल तिथे आधी ओलांडण्याची सोय करावी आणि झाडे पदपथाच्या कडेला न्यावीत. बसथांब्यावर ताटकळणाऱ्याला सावली तिथेच मिळते. गिरगावच्या अरुंद रस्त्यांवर तर दुभाजकाचा हट्टच नको. सुशोभीकरणाची निविदा काढण्याआधी लोक कुठून रस्ता ओलांडतात, याची पाहणी व्हावी आणि आराखडा त्यावरच बेतावा.