आभाळाचा परवाना

मोर्चा काढायचा तर पोलिसांची परवानगी, सभेला ध्वनिक्षेपक लावायचा तर परवानगी, मंडप घालायचा तर नगरपालिकेची परवानगी. हे सारे कार्यकर्त्यांच्या अंगवळणी पडले आहे. आता त्यात आभाळाची भर पडली आहे. मोर्चाचे चित्रण ड्रोनने करायचे असेल तर पोलीस अधिकाऱ्याचा कागद लागतो. त्याच मोर्चावर पोलिसांचा ड्रोन घिरट्या घालत असतो, त्याला मात्र मोर्चेकऱ्यांपुढे कोणताच कागद धरावा लागत नाही. या एकतर्फी व्यवहाराला सुरक्षितता असे भारदस्त नाव देण्यात आले आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहणे इष्ट, कारण ठाण्यातल्या टेबलापाशी सांगितला जाणारा कायदा बहुधा निराळाच असतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम जारी केले. त्यांनी देशाच्या आकाशाचे हिरवा, पिवळा आणि तांबडा असे तीन पट्टे पाडले. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची लागते, तांबड्यात केंद्र सरकारची. स्थानिक पोलिसांचे काय? त्यांचाही विचार नियमांनी केला आहे. तातडीची गरज असेल तर राज्य सरकार वा पोलीस एखादा भाग तात्पुरता तांबडा ठरवू शकतात. पण एका वेळी फार तर ९६ तासांसाठी, पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याने, केंद्राच्या संकेतस्थळावरील नकाशात तसे जाहीर करून. शिवाय हे क्षेत्र वाजवी असावे, अवाजवी मोठे करू नये, असेही त्या नियमांत बजावले आहे. याचा अर्थ सरळ आहे. बंदी हा अपवाद आहे. तिला मुदत आहे, हद्द आहे आणि जबाबदार अधिकारी आहे.

आता व्यवहार पाहा. मुंबई पोलीस वर्षानुवर्षे महिना-महिन्याचे मनाई आदेश काढत आले आहेत. ४ एप्रिल ते ५ मे २०२५ या काळासाठी असाच आदेश निघाला. ड्रोन, पॅराग्लायडर, गरम हवेचे फुगे, सारे काही सबंध आयुक्तालयाच्या हद्दीत बंद! कारण नेहमीचेच: दहशतवादी आणि समाजकंटक यांचा वापर करू शकतील. अपवाद दोनच. पोलिसांची स्वतःची हवाई टेहळणी, आणि पोलीस उपायुक्तांची लेखी परवानगी. विमानतळामुळे मुंबईचे बरेचसे आकाश आधीच तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांत आहे. त्यावर हे आणखी एक कुलूप. ९६ तासांच्या जागी महिना आला, वाजवी क्षेत्राच्या जागी अख्खे शहर आले.

हे ज्या अधिकाराने होते तो आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पर्यंत त्याचे नाव कलम १४४ होते, आणि ब्रिटिशांच्या १८९८ च्या संहितेतही ते त्याच क्रमांकाने नांदत होते. राज्यकर्ते गेले, क्रमांकही गेला, कलम राहिले! काश्मीरमधील निर्बंधांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी निकाल दिला. या कलमाचा उपयोग रास्त मतप्रदर्शन व लोकशाही हक्क दडपण्यासाठी करता येणार नाही, आणि तेच ते आदेश पुनःपुन्हा काढणे हा अधिकाराचा दुरुपयोग होय, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. महिना संपताच नवा कागद काढणाऱ्यांनी तो निकाल वाचलेला दिसत नाही.

धोका खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली. गर्दीवर यंत्र कोसळले तर डोकी फुटतील, चेंगराचेंगरी होईल. म्हणूनच उड्डाणाची वेळ, उंची, चालकाचे नाव आणि यंत्राची नोंद पोलिसांना आधी कळावी, ही अपेक्षा योग्यच आहे. आक्षेप नोंदीला नाही. उत्तर न देता अर्ज दडपून ठेवण्याच्या मोकळिकीला आहे. सभा रविवारी आणि उत्तर सोमवारी, यालाही नकारच म्हणतात. फक्त त्यावर कोणाची सही नसते.

चित्रणाचा हा हट्ट कशासाठी, असे कोणी विचारील. २०१६ च्या मराठा मूक मोर्चांची आकाशातून टिपलेली दृश्ये घरोघर पोचली आणि त्या मोर्चांच्या आकाराविषयी वाद घालणे कोणालाही अवघड झाले. (गंमत अशी की, ऑक्टोबर २०१४ च्या हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या नोटिशीने नागरी ड्रोन त्या वेळी देशभर बंदच होते!) लाठी चालली तर ती आधी कोणी उगारली हेही वरूनच नीट दिसते. हे दृश्य एकट्या पोलिसांपाशी राहिले, तर न्यायालयात पुरावा कोणता जाईल आणि कोणता जाणार नाही हेही तेच ठरवतील. अर्थात पुढाऱ्यांना फलकासाठी गर्दीचे छायाचित्र हवे म्हणून ड्रोन मागवण्याची जी टूम पक्षोपक्षी, डाव्यांतही, निघाली आहे, तिच्यासाठी कोणी हक्काची भाषा करू नये.

या अधिकाराचे टोक शंभू सीमेवर दिसले. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी हमीभावाच्या मागणीसाठी दिल्लीकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर हरयाणा पोलिसांनी ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी टाकली. पंजाबच्या हद्दीत ड्रोन पाठवू नयेत, असे पतियाळाच्या उपायुक्तांना अंबाल्याच्या उपायुक्तांना लिहून कळवावे लागले. स्थानिक परवानगीचा आग्रह धरणाऱ्या यंत्रणेने शेजारच्या जिल्ह्यालाही विचारले नव्हते! ड्रोन नियमांतून आरंभीच वगळले आहे ते भूदल, नौदल आणि वायुदल यांना. त्या वाक्यात पोलिसांचे नाव नाही. शेतकऱ्यांनी मग पतंग उडवले. वसंत पंचमीचे दिवस होते, पतंग घरात होतेच.

या साऱ्यात जो भरडला जातो तो ड्रोन चालवणारा तरुण. लग्नसराईवर त्याचे पोट चालते. कर्ज काढून त्याने यंत्र घेतलेले असते. मोर्चाचे काम घेतले आणि कागद नसला, तर जप्त होते त्याचे यंत्र आणि गुन्हा दाखल होतो तो त्याच्यावर. आयोजक भाषण करून घरी जातात. संघटनांनी ही जबाबदारी लेखी स्वतःकडे घेतली पाहिजे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेला मुदत असते, नकाराची कारणे लेखी द्यावी लागतात आणि अपील करता येते. ड्रोनच्या परवानगीला ही तिन्ही बंधने पाळावी लागतील असा आदेश राज्य सरकारकडून मिळवणे, हे जिल्हा शाखांचे पहिले काम आहे. तोवर अर्ज सभेच्या पुरेसा आधी द्यावा. त्यात चालकाचे नाव, यंत्राचा नोंदणी क्रमांक, वेळ आणि उंची लिहावी, आणि ठिकाण कोणत्या पट्ट्यात आहे हे नकाशा पाहून नमूद करावे. तात्पुरता तांबडा पट्टा जाहीर झाला असल्यास तो कोणी व किती तासांसाठी केला, ही विचारणाही करावी. शेवटी आणखी एक परिच्छेद असावा: सभेवर पोलिसांचा ड्रोन उडणार असल्यास तो कोणाच्या लेखी आदेशाने, त्याचे चित्रण किती दिवस ठेवले जाईल व कोणाला दाखवले जाईल, हे कळवावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याखेरीज ठाण्यातून उठू नये.