आधी कुठला पार्ट?

२०२५च्या खंडेनवमीला आमच्या नवनगरच्या घरात स्कूटर, शिलाई मशीन आणि विळीबरोबर कॉम्प्युटरलाही कुंकू लागलं. झेंडूची पाकळी पंख्यात जाईल म्हणून धाकटीने फूल बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "पप्पा, याला पूजा नको, नवीन ग्राफिक्स कार्ड पाहिजे."

हा कॉम्प्युटर थोरल्याने २०१७ साली इंजिनिअरिंगला असताना शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशांतून केला. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून एकेक पार्ट आणला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर जोडला. आता तो पुण्यात नोकरीला. दर रविवारी रात्री नऊला तो तिकडून, ही इकडून, एकत्र गेम खेळतात. माझ्याशी फोनवर तो "हं, बरं आहे" एवढंच बोलतो. बहिणीशी मात्र कानाला हेडफोन लावून अर्धं मराठी, अर्धं कन्नड तासभर चालतं, आणि त्यातूनच आम्हाला कळतं की साहेबांना ताप येऊन गेला. पण ऐन खेळात चित्र अडखळायचं, ही वैतागून उठायची. सलग दोन रविवार खेळ झालाच नाही, तेव्हा मी पंचवीस हजार बाजूला काढले.

सासूबाईंचं मत ठरलेलं: "नडीतैतल्ला, इरली बिडु."

थोरला म्हणाला, "पप्पा, आधी कुठं अडतंय ते बघा, मग खर्च करा." खेळ चालू असताना टास्क मॅनेजर उघडून बघितला. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, कार्ड मात्र साठच्या आसपास. म्हणजे कार्ड रिकामं बसून वाट बघतंय. चार कोअरचा आय-फाइव्ह ७४०० बिचारा सगळ्यांना वाढता वाढता दमलाय. अशा वेळी महागडं कार्ड आणलं असतं तर तेही तसंच ताट घेऊन बसलं असतं. शिवाय आमचा मॉनिटर सेकंदाला साठ चित्रंच दाखवतो.

कॅबिनेट उघडलं तर आत मूठभर धूळ. "चिगरी बस सुरू व्हायच्या आधीची असेल," असं ही म्हणाली. ब्लोअर मारला, प्रोसेसरची वाळलेली पेस्ट बदलली. आवाज निम्मा झाला, अडखळणं थोडंसंच कमी झालं.

खरी अडचण पुढे होती. त्या बोर्डावर इंटेलची आठवी पिढी बसत नाही, आणि विंडोज ११ला सातवी बहुतेक चालत नाही. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे प्रोसेसर बदलायचा तर बोर्डही बदलायचा. त्यातही अगदी नवा बोर्ड घेतला तर डीडीआर-५ मेमरी घ्यावी लागते, आणि २०२५च्या शेवटी मेमरीचे भाव असे भडकले की सोनारही बरा. एआयच्या डेटा सेंटरकडे सगळा माल वळलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

म्हणून मधली वाट काढली. एएमडीचा एएम-फोर बोर्ड आणि सहा कोअरचा रायझन ५ ५६००. यात आमची जुनी डीडीआर-४ मेमरी चालते. या प्रोसेसरला स्वतःहून पडद्यावर चित्र दाखवता येत नाही, त्यामुळे जुनं १०५० टीआय कार्ड आपोआपच राहिलं. हार्ड डिस्कवर विंडोज ठेवणं आता शिक्षाच आहे, तेव्हा छोटी एसएसडी. आणि नाव नसलेला जुना एसएमपीएस मी हट्टाने बदलला. पावसाळ्यात वीज जाते-येते. तो जाताना सगळ्यांना घेऊन गेला तर? धाकटीला हा खर्च अजिबात पटला नाही. "त्याने एक फ्रेमसुद्धा वाढत नाही," म्हणाली. खरं आहे. गॅसच्या नळीनेही भाजी चविष्ट होत नाही.

आठ जीबीची मेमरी एकच होती, जोडीला दुसरी हवी. दुकानातला भाव ऐकून परत आलो. थोरल्याच्या रूममेटने कॉम्प्युटर मोडीत काढला होता, त्यातली पट्टी त्याने कुरियरने पाठवली. हिशेब तरी हजारभराने वर गेलाच.

कार्डाचं मी कबूल केलंय. त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५नंतर थांबवलं, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळणार. पुढचा बोनस त्याचा.

नवं जोडून झाल्यावर पहिल्या रविवारी नऊला हिने दार लावून घेतलं. दहा वाजता बाहेर आली. "काय गं, परत अडकला?"

"आपला नाही. दादाचा. त्याला सांगितलंय, टास्क मॅनेजर बघ."

काढलेला जुना बोर्ड सासूबाईंनी भंगारवाल्याच्या पिशवीत टाकला होता. मी तो काढून वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय.