पोपच्या गावाची पत आणि पंधरा टक्के

दक्षिण फ्रान्समध्ये आविन्याँ शहराच्या थोडे उत्तरेला, रोन नदीच्या पूर्वेला शातोनफ-द्यू-पाप नावाचे गाव आहे. तिथल्या तांबड्या वाइनचा कणा म्हणजे ग्रेनाश हे द्राक्ष. लागवडीत त्याचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर आहे. अलीकडे या वाइनबद्दल एक तक्रार वारंवार कानावर येते, ती म्हणजे ती फार कडक झाली आहे. बाटलीवर अल्कोहोल पंधरा टक्के लिहिलेले दिसले तरी आता कुणी चमकत नाही. उन्हाळे तापले आहेत आणि परंपरा मोडता येत नाही, असा त्यावरचा बचाव. त्यातला उन्हाळ्याचा भाग खरा आहे. परंपरेचा मात्र तपासून पाहावा लागतो.

पोपमंडळी 1309 मध्ये आविन्याँच्या आसऱ्याला आली आणि पुढे बाविसाव्या जॉनने या गावात किल्ला बांधला, हे खरेच. पण गावाने पोपचे नाव अधिकृतपणे घेतले ते 1893 मध्ये. तोवर ते शातोनफ-काल्सेर्निए होते. ग्रेनाशही मूळचे स्पेनमधल्या आरागोनचे. फिलोक्सेरा किडीने जुने मळे झोपवल्यानंतर नवी लागवड झाली, तेव्हा ते इथे खऱ्या अर्थाने पसरले. त्या काळी इथली बरीच वाइन पिंपांनी बर्गंडीला जायची, तिथल्या फिक्या मालात दम भरायला. नाव झाले तसे नकली मालही आला. हापूसच्या पेटीचे जे होते तेच. म्हणून 1923 मध्ये बारों ल रुआ या वकील मळेवाल्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी स्वतःलाच नियम घालून घेतले. वेल कुठे लावायची? जिथे थाइम आणि लॅव्हेंडर शेजारी शेजारी उगवतात, म्हणजे जी जमीन दुसऱ्या पिकाला नालायक आहे, तिथेच. तोडणीतली निदान पाच टक्के द्राक्षे बाजूला काढायची. अल्कोहोल किमान साडेबारा टक्के, तेही साखर न घालता. कोर्टकचेऱ्यांतून तावूनसुलाखून निघालेली ही चौकट 1936 मध्ये देशाच्या कायद्यात आली. (नियमांची या गावाला हौसच दिसते. 1954 मध्ये इथल्या महापौरांनी उडत्या तबकड्यांना गावात उतरायला रीतसर बंदी घातली होती.) तेव्हा इथली परंपरा म्हणजे अडचण ओळखून माणसांनी एकत्र बसून केलेली तडजोड आहे, आणि तिला अजून शंभर-सव्वाशे वर्षेच झाली आहेत.

आजची अडचण उलटी आहे. साडेबाराची अट पाणचट माल रोखायला होती; आता त्या दाराने कुणी आत येतच नाही. ग्रेनाशचा स्वभाव असा की साखर भराभर चढते, पण साल आणि बी पिकायला वेळ लागतो. लवकर तोडावे तर चव कच्ची, तुरट. थांबावे तर साखर वाढत जाते. लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखरेचे एक टक्का अल्कोहोल होते, त्यामुळे थोडी थांबाथांबही अंगाशी येते. शिवाय मळ्यांत पसरलेले ते प्रसिद्ध गोटे, नदीने घासून गुळगुळीत केलेले, मुठीएवढे आणि त्याहून मोठेही. दिवसाचे ऊन साठवून ते रात्री वेलीला देतात. एकेकाळी हे वरदान होते. आता रात्रीही गारवा मिळत नाही, हा त्यांचाच दोष ठरू लागला आहे.

यावरचा उपाय त्यांच्याच कायद्यात पडून आहे. तिथे तेरा जातींना परवानगी आहे आणि कुठलीही किती वापरावी याचे बंधन नाही. उशिरा पिकणारे मूर्वेद्र, हलके सँसो, आंबटपणा टिकवणारे कूनवाज यांचा वाटा वाढवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बोकास्तेल या नामांकित घराण्याच्या मुख्य तांबड्या वाइनमध्ये मूर्वेद्र जवळपास ग्रेनाशच्या बरोबरीने असते, आणि ती शातोनफ नाही असे कुणी म्हणत नाही. यावर गावातल्याच रायास या घराण्याचे उदाहरण पुढे केले जाते: तिथली वाइन निव्वळ ग्रेनाशची, तरीही नाजूक. बरोबर आहे. पण रायासच्या मळ्यांत गोटे नाहीत, वाळू आहे. भोवती झाडी आणि उतार उत्तरेकडे. म्हणजे ते यश जातीचे जेवढे, तेवढेच गार जागेचे, आणि तशी जागा गावात सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. दुसरा आक्षेप बाजाराचा. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी या भरदार वाइनला भरभरून गुण दिले, भाव चढले. मग गिऱ्हाइकाला हवे ते का सोडावे? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कर्ज त्या भावावरच फिटते. पण गिऱ्हाइकाची आवड दहा-पंधरा वर्षांत पालटते, वेल तशी पालटत नाही. नवी वेल नीट फळाला येईपर्यंत काही वर्षे जातात आणि मग ती पन्नास-साठ वर्षे उभी राहते. या हिवाळ्यात जो ग्रेनाशची रोपे मागवेल, त्याच्या वेलीची द्राक्षे 2080 च्या उन्हातही पिकायची आहेत.