मनात आलेला विचार आणि मनाने केलेला विचार

रेल्वेच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या एखाद्या शांत गृहस्थाच्या मनात एकाएकी विचार येतो की, शेजारच्या माणसाला आपण पुढे ढकलले तर? विळीवर भाजी चिरणाऱ्या मातेच्या मनात जवळच निजलेल्या तान्ह्या बाळाविषयी भलतीच कल्पना चमकून जाते. देवापुढे हात जोडून उभ्या असलेल्या भाविकाला नेमका त्याच क्षणी अभद्र शब्द आठवतो. उद्याच्या परीक्षेचा अभ्यास करीत बसलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे वडिलांच्या मृत्यूचे चित्र उभे राहते. यांपैकी कोणीही तो विचार बोलावलेला नसतो. बहुतेकांच्या मनातून तो आला तसा निघून जातो. परंतु काहींच्या मनात मात्र तो ठाण मांडून बसतो. आणि 'असा विचार ज्याच्या मनात येतो तो माणूस कसा असेल?' या एकाच प्रश्नाने त्यांची झोप उडते. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण मराठीत उगीच रूढ झालेली नाही.

अशा भयग्रस्त माणसाने धीर करून आपली व्यथा कोणाजवळ बोलून दाखविलीच, तर त्याला घरी आणि शाळेत बहुधा एकच उपदेश ऐकावा लागतो: 'वाईट विचार मनात आणू नकोस. मन घट्ट कर आणि त्यांना हाकलून दे.' हा उपदेश सद्हेतूने केलेला असतो, यात शंका नाही. तथापि त्यामध्ये दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, तो विचार त्या माणसाने स्वतः मनात आणला. आणि दोन, मनात आलेला विचार बळाने हाकलून देता येतो. गेल्या अर्धशतकात या दोन्ही गृहीतकांची शास्त्रीय कसोटी लागली आहे आणि दोन्ही तिला उतरलेली नाहीत. म्हणूनच हा जुना उपदेश आता सोडून दिला पाहिजे.

पहिले गृहीतक प्रथम पाहू. १९७८ मध्ये रॅकमन आणि डि सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी कोणताही मनोविकार नसलेल्या लोकांकडे अशा अनाहूत विचारांविषयी चौकशी केली. तेव्हा सुमारे ८० टक्के लोकांनी असे विचार आपल्याला येत असल्याचे सांगितले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा खंडांतील तेरा देशांमधील ७७७ विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारण्यात आला. त्यांपैकी सुमारे ९४ टक्के विद्यार्थ्यांना मागील तीन महिन्यांत निदान एक तरी नकोसा विचार येऊन गेला होता. नवप्रसूत मातांविषयी कॅनडात झालेला व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर अधिकच बोलका आहे. बाळाला चुकून काही इजा होईल, हा विचार त्यांतील प्रत्येकीला आला होता. आणि आपल्याच हातून बाळाला मुद्दाम इजा होईल, हा विचार जवळजवळ निम्म्या मातांच्या मनाला शिवून गेला होता. या माता क्रूर नव्हत्या. ज्या जिवाचे रक्षण करावयाचे, त्याच्यावर येऊ शकणाऱ्या प्रत्येक संकटाची कल्पना मन आपोआप करीत असते, एवढाच त्याचा अर्थ.

रॅकमन व डि सिल्वा यांच्या अभ्यासातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. निरोगी माणसांचे अनाहूत विचार आणि मनोरुग्णांचे विचार यांची सरमिसळ केली, तर नुसत्या आशयावरून कोणते कोणाचे हे ओळखणे तज्ज्ञांनाही सोपे जात नव्हते. भेद होता तो विचार किती वेळा येतो, किती वेळ टिकतो आणि त्याने माणूस किती व्याकूळ होतो यात. सारांश, विचाराचे येणे हा रोग नव्हे आणि दोषही नव्हे. त्याच्याशी जडणारे नाते हा खरा प्रश्न आहे.

आता दुसरे गृहीतक. १९८७ मध्ये अमेरिकेतील डॅनियल वेग्नर आणि त्यांचे सहकारी यांनी एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना एकेकटे बसवून मनात येईल ते पाच मिनिटे मोठ्याने बोलण्यास सांगण्यात आले. अट एकच होती: पांढऱ्या अस्वलाचा विचार करावयाचा नाही, आणि तो आलाच तर घंटी वाजवावयाची. घंटी पुनःपुन्हा वाजत राहिली. त्यानंतर त्याच विद्यार्थ्यांना अस्वलाचा विचार खुशाल करण्याची मुभा दिली, तेव्हा आरंभापासून मुभा असलेल्या विद्यार्थ्यांपेक्षाही त्यांना ते अस्वल अधिक वेळा आठवले. दाबलेला विचार दुप्पट जोराने उसळावा तसा हा प्रकार होता.

याचे कारण वेग्नर यांनी पुढे १९९४ मध्ये मांडले. एखादा विचार दूर ठेवावयाचा म्हणजे तो आला की नाही, यावर मनाला सतत पहारा ठेवावा लागतो. दारावरील पहारेकऱ्याला ज्या माणसास आत सोडावयाचे नाही, त्याचा चेहरा सदैव ध्यानात ठेवणे भागच असते. मनाचेही तसेच होते. पहारा जितका कडक, तितकी त्या विचाराची आठवण पक्की. अस्वलासारख्या निरुपद्रवी कल्पनेची ही कथा, तर ज्या विचाराची लाज आणि भीती वाटते त्याविषयी काय बोलावे! भीती वाटताच शरीर खऱ्या संकटाप्रमाणे सज्ज होते. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, घशाला कोरड पडते. आणि मग माणूस उलटा तर्क करतो की, ज्या अर्थी एवढी भीती वाटते, त्या अर्थी संकटही खरेच असले पाहिजे. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणतात तो हाच.

या भीतीतून सुटण्यासाठी माणूस जे उपाय योजतो, ते तिला अधिकच बळ देतात. कोणी सुऱ्या लपवून ठेवतो, कोणी हात पुनःपुन्हा धुतो, कोणी दाराची कडी दहा वेळा तपासतो, कोणी ठरावीक शब्द ठरावीक वेळा मनाशी म्हणतो. कोणी घरच्यांना दिवसभर विचारीत राहतो, 'माझ्या हातून काही वाईट तर होणार नाही ना?' क्षणभर हायसे वाटते. परंतु 'संकट टळले ते या उपायामुळेच' असे मन शिकते आणि पुढच्या वेळी तोच उपाय दुप्पट मागते. पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, अशा माणसांच्या मुळाशी दुष्टपणा नसतो, तर जबाबदारीची जाणीव मर्यादेबाहेर वाढलेली असते. सतराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक जॉन बनियन यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. १६६६ च्या आपल्या आत्मकथनात त्यांनी लिहून ठेवले आहे की, ख्रिस्ताला विकून टाकण्याचा विचार जेवताना, काम करताना त्यांच्या मनात घुसत असे आणि त्याला नकार देता देता ते थकून जात. हे कोणा पाखंड्याचे वर्णन नव्हे. देवावर जिवापाड श्रद्धा असलेल्या माणसाचे आहे. जे मनाला सर्वांत प्रिय व पवित्र असते, त्याच्याच विरुद्ध विचार सर्वांत अधिक बोचतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, आपल्या परंपरेने कायेने आणि वाचेने नव्हे, तर मनानेही शुद्ध राहण्यास सांगितले आहे. विचारांना मोकळे सोडले तर आचार कसा टिकेल? आक्षेप गंभीर आहे. परंतु मनात आलेला विचार आणि मनाने केलेला विचार यांत अंतर आहे. मनाने केलेल्या पापात संकल्प असतो. ते हवेसे वाटते, त्याची योजना केली जाते. अनाहूत विचारात संकल्प नसतो, उलट त्याचा तिटकारा असतो. जुन्या भारतीय चिंतनालाही हा भेद अपरिचित नव्हता. पाली मज्झिम निकायातील वितक्कसंठान सुत्तात अकुशल विचारांवर पाच उपाय क्रमाने सांगितले आहेत. दुसऱ्या चांगल्या विषयाकडे मन वळविणे हा पहिला. त्या विचाराकडे लक्षच न देणे हाही त्यांतच आहे. आणि दात आवळून बळाने विचार दडपणे हा उपाय सर्वांत शेवटी, बाकीचे थकल्यावरच येतो. घरोघरी मात्र हा शेवटचा उपायच पहिला म्हणून शिकविला जातो.

मग करावे तरी काय? ऑस्ट्रेलियातील डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात सांगितलेला मार्ग आजही उपयुक्त आहे: भीतीला सामोरे जावे, तिचे अस्तित्व मान्य करावे, तिच्याशी झुंजू नये आणि काळाला आपले काम करू द्यावे. व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. विचार आला की 'हा नुसता विचार आहे' एवढे मनाशी म्हणावे. तो खरा की खोटा याचा वाद घालू नये. त्याच्या निवारणासाठी काही करू नये, कोणाकडून हमी मागू नये. हातातले काम चालू ठेवावे, मग ते करताना छाती धडधडत असली तरी हरकत नाही. भीतीची लाट चढते तशी ओसरते. तिला ओसरण्यास अवधी मात्र मिळाला पाहिजे. आरंभी हे कठीण वाटते. सरावाने जमते.

असे विचार आणि त्यांपायी होणारी कृत्ये यांत रोज तासाहून अधिक वेळ जाऊ लागला, अभ्यास किंवा कामधंदा अडू लागला, तर तो मंत्रचळ हा विकार असण्याचा संभव असतो आणि त्यावर उपचार उपलब्ध आहेत. १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांना भीतीच्या गोष्टीला सामोरे जाण्यास व त्याच वेळी नेहमीचे विधी न करण्यास शिकविले. त्यातून विकसित झालेली उपचारपद्धती आज जगभर वापरली जाते. काही औषधांचाही चांगला उपयोग होतो. मात्र जगणेच नकोसे वाटत असेल, स्वतःला इजा करण्याची इच्छा किंवा योजना मनात असेल, अथवा कानांत आज्ञा देणारे आवाज येत असतील, तर ती वेगळी स्थिती होय. तेथे थांबून न राहता त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरला सांगितले पाहिजे.

भारतात अडचण उपचारांपाशी पोचण्याची आहे. बंगळूर येथील निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, निरनिराळ्या मानसिक विकारांनी पीडित असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळालेलेच नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा उपचारांचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर अनेक भारतीय भाषांतून विनामूल्य सल्ला देत आहे. परंतु जो माणूस स्वतःला रुग्ण न समजता पापी समजतो, तो दवाखान्याची पायरी चढत नाही आणि दूरध्वनीही करीत नाही. लाज हाच येथे सर्वांत मोठा अडसर आहे, आणि तो कायद्याने दूर होणारा नाही.

तो दूर करण्याचे काम शिक्षक आणि पालक यांचे आहे. मुलाने भीत भीत एखादा भयंकर विचार सांगितला, तर दचकू नये, रागावू नये, शपथा घालू नयेत. 'असे विचार पुष्कळांना येतात. ते येतात आणि जातात. तू वाईट नाहीस,' एवढे शांतपणे एकदा सांगावे आणि त्याला त्याच्या कामाला लागू द्यावे. विज्ञानाच्या तासाला हृदयाचे ठोके आणि श्वासोच्छ्वास शिकविताना मनाचा हा व्यापारही शिकविण्यास काय हरकत आहे? न बोलावता शिंक येते म्हणून कोणी स्वतःला अपराधी मानीत नाही. मनात न बोलावता आलेल्या विचाराविषयीही तितकीच साधी दृष्टी पुढच्या पिढीला लाभली, तर अनेक मुलांच्या कित्येक रात्री भयमुक्त होतील.