काडतुसांची टंचाई कोणासाठी?

नाशिक शहरात गावठी कट्टे आणि जिवंत काडतुसे पकडल्याच्या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. गुंडाला शस्त्र मिळते, दारूगोळाही मिळतो. मात्र पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारावर नागली-भात पिकविणारा शेतकरी रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी साधी एकनळी बंदूक मागू लागला, की शासनयंत्रणेला एकाएकी सार्वजनिक शांततेची आठवण होते. ही टंचाई लोखंडाची वा बारुदाची नव्हे. ती धोरणाने घडविलेली आणि कायदा पाळणाऱ्या गरिबाच्याच वाट्याला येणारी टंचाई आहे.

तिचे मूळ लिटनशाहीत आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने गोऱ्याला सूट दिली आणि एतद्देशीयाला परवान्याच्या दारात उभे केले. त्या कायद्याने १९०९ मध्ये याच नाशकात अनंत कान्हेरे यांच्या हाती इंग्लंडहून आलेले पिस्तूल अडले नाही. नि:शस्त्र झाली ती सामान्य रयत. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद आहे. पण तरतूद कागदावर आणि अर्ज टेबलावर, अशी आपल्या नोकरशाहीची रीत!

विशेषाधिकाराची कहाणी याहून बोलकी आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली. परंतु सीमाशुल्क खात्याने जप्त केलेली तीच परदेशी शस्त्रे खासदारांना व बड्या अधिकाऱ्यांना विकण्याची प्रथा त्यानंतरही चालू राहिली. म्हणजे १८७८ ची सूट गेली नाही. केवळ सूट घेणाऱ्याचा रंग बदलला.

काडतुसांचेही तेच. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रनिर्मिती सार्वजनिक क्षेत्राकडे सोपविली, आणि ते योग्यच होते. बारा बोअरची काडतुसे खडकीच्या कारखान्यात तयार होतात. लष्कराची गरज प्रथम, याबद्दल दुमत नाही; पण शेतकऱ्याची गरज नियोजनात कोठे होती? आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी तर आयुध निर्माणी मंडळच मोडून ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. कामगारांनी संपाचा इशारा दिला, तेव्हा संपावरच बंदी घालणारा कायदा त्याच वर्षी आणला. नफ्याच्या हिशेबाने चालणारी कंपनी डोंगरातल्या शेतकऱ्याच्या चार काडतुसांची चिंता करील, अशी आशा कोणी बाळगावी?

काही मित्र विचारतील, आपल्याला अमेरिका व्हायचे आहे काय? मुळीच नाही. तेथे २०२० च्या महासाथीत भयापोटी लोकांनी दुकाने रिकामी केली; साठेबाजीने गोळ्या दुर्मिळ झाल्या. तेथे भय विकून टंचाई होते, येथे हक्क अडवून होते. दोहोंत भरडला जातो तो गरजूच. बिबट्या मारण्याचे लायसनही आम्ही मागत नाही. वन्यजीवांना कायद्याचे संरक्षण आहे आणि ते राहिलेच पाहिजे. पण रानडुकराच्या पारधीची परवानगी वनखाते देणार आणि बंदुकीचा अर्ज जिल्हा कार्यालय अडविणार, हा खेळ किती काळ चालावयाचा?

आपल्या मागण्या साध्या आहेत. पीकसंरक्षणाचे अर्ज ठरावीक मुदतीत निकाली काढावेत आणि नकाराचे कारण लेखी द्यावे. ज्याला एकट्याला बंदूक परवडत नाही, त्याच्यासाठी ग्रामसभेच्या देखरेखीखाली सामुदायिक राखणीची व्यवस्था कायद्याने करावी. सार्वजनिक कारखान्याने शेतकऱ्यांसाठी काडतुसांचा वाटा राखून ठेवावा व तो वाजवी भावाने द्यावा. आणि पीक गेलेच, तर भरपाई हंगाम उलटण्यापूर्वी हाती पडावी.

तालुक्यातालुक्यातील कार्यकर्त्यांनी रखडलेल्या अर्जांची यादी करून जिल्हाधिकारी कचेरीवर जाब विचारला पाहिजे. बंदूक ही प्रतिष्ठेची खूण म्हणून श्रीमंताच्या भिंतीवर टांगलेली असताना राखणदाराच्या हाती नुसती गोफण राहते. या विषमतेविरुद्ध उभे राहणे हे समाजवाद्यांचे काम आहे.