टेबलावरचा कॅमेरा हवाच

ब्रिजच्या मोठ्या सामन्यांचं चित्रीकरण सगळ्यांना खुलं असलंच पाहिजे, हे मी आमच्या क्लबात ठासून सांगतो. २०१४ ची ओपातियातली युरोपीय स्पर्धा आठवा. टेबलावर तिरका पडदा, भिडूला भिडू दिसत नाही. तरीही इस्रायलचे फिशर आणि श्वार्त्झ, बोली संपल्यावर टेबलावर पत्त्यांचा बोर्ड कुठे ठेवायचा त्यावरून, कोणत्या रंगाची उतारी हवी ते सुचवत होते. २०१५ मध्ये नॉर्वेच्या बोये ब्रोगलँडने आवाज उठवला. स्वीडनच्या पेर-ओला कुलिनने चित्रफिती पाहून ती खूण पकडली. पुढे युरोपीय संघटनेने दोघांवर बंदी घातली. ब्रोगलँड आधी त्यांच्याच संघात खेळलेला; त्यांच्यासोबत जिंकलेली विजेतेपदं सोडायची त्याने तयारी दाखवली. खेळाडू असावा तर असा! पण चित्रफिती कपाटात पडून राहिल्या असत्या, तर त्याचं ऐकलं कोणी असतं?